गाव कोयनेकाठी, खोली परळला

दर मे महिन्यात मी आठ दिवस फोनवर सापडत नाही, मेसेजला उत्तर देत नाही, यावरून तुम्ही बरंच बोलून घेतलंय. आज सांगतोच कुठे जातो ते. पण गावाबद्दल बोलायचं तर परळमधल्या एका खोलीबद्दलही बोलावं लागेल. का, ते पुढे कळेल.

आमचं गाव साताऱ्यात, कांदाटी खोऱ्यात. महाबळेश्वरवरून खाली तापोळ्याला उतरायचं, लाँचने कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा आणि मग दीड-दोन तास चढ चढायचा. गावाचं नाव नाही सांगत. घरंच इतकी कमी आहेत की कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येईल.

शाळेत 'सदाहरित वन' म्हटलं की पुस्तकात ॲमेझॉनचा फोटो असायचा. मला वाटायचं, अरे, हे तर आमच्या घराच्या मागे आहे! अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, वर वेलींचं जाळं आणि फांदीवरून फांदीवर उड्या मारणारं शेकरू. मुंबईत वर्षाला साधारण 2,300 मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपली लोकल बंद पडते. महाबळेश्वरला 5,500 च्या पुढे पडतो, आणि आमचं खोरं त्याच्याच कुशीत. जूनच्या आधी मीठ, कांदे, सुकट, काडेपेट्या, सगळं भरून ठेवायचं. लाकडं रचायची. कारण वारा सुटला की लाँच बंद, आणि कोकणात खेडकडे उतरणाऱ्या रघुवीर घाटात दरड आली की तीही वाट बंद. घरात चूल धुमसत असते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, अंगणात गेलं की पायाला जळू लागते. रील्समध्ये धुकं छान दिसतं हो. त्या धुक्यात आजी नाचणीच्या राखणीला माळ्यावर बसायची, गवे येतात म्हणून. एका रात्रीत गव्यांचा कळप चार महिन्यांची मेहनत खाऊन जातो. बरं, गव्याला मारायचं नाही, कारण शेजारी अभयारण्य आहे, आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही.

मूळ गाव मात्र इतक्या वर नव्हतं. खाली नदीकाठी होतं, भाताची खाचरं होती. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणाचं पाणी चढलं. शंभराच्या घरात गावांना त्याची झळ लागली. कुणी रायगडला गेलं, कुणी सोलापूरकडे. आमचे लोक डोंगरावर सरकले. कारवीच्या कुडाच्या भिंती पुन्हा बांधल्या, पण भात काही डोंगरावर चढला नाही. नाचणी आणि वरीवर वर्ष निघेना. मुंबईला आधीही जायचे, धरणानंतर घरटी एक माणूस गेलाच.

आणि तो उतरायचा परळच्या त्या खोलीत.

दहा बाय बारा. तिसरा मजला, कॉमन गॅलरी, टोकाला संडास. गावकीची खोली म्हणतात तिला. लालबाग-परळमध्ये अशा कितीतरी होत्या. गोव्याच्या लोकांचेही धोबी तलावाकडे गावागावांचे असे क्लब आहेत, त्यांना ते 'कूड' म्हणतात. मला याची गंमत वाटते, कारण आमच्याकडे कूड म्हणजे कारवीची भिंत!

तर त्या दहा बाय बारामध्ये एका वेळी तीसेक माणसं राहायची. जमायचं कसं? गिरणीच्या तीन पाळ्या. एक उठून गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, जेवण शेजारच्या खानावळीत. नियम पक्के. गावाहून नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही. लग्न करून बायको आणली की खोली सोडायची. आणि एक वही. महिन्याला कुणी किती दिले, कुणाचे राहिले, गावच्या देवळाच्या पत्र्याला किती गेले, सगळं त्या वहीत. अक्षर माझ्या आजोबांचं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर त्या वहीची पानंच्या पानं 'बाकी', 'बाकी', 'बाकी' अशी आहेत. पण एकालाही खोलीतून काढलं नाही.

आता तिथे कोण राहतं? दोन वॉचमन, एक कुरिअरवाला, पोलीस भरतीची तयारी करणारी दोन पोरं. आणि आजारी माणसं. हे लक्षात घ्या. केईएम आणि टाटा, दोन्ही हॉस्पिटलं तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. दोन वर्षांपूर्वी काकींना गाठ आली. गावातून डोलीत घालून चौघांनी पाण्यापर्यंत आणलं. मग लाँच, मग जीप, रात्री दोनला परळ. पोरांनी आधीच खाली चटया टाकून पलंग रिकामा केला होता. पुढचे सात महिने काकी त्या खोलीतून टाटाला जात होत्या. आज त्या गावात आहेत, मे महिन्यात मला फणसाची भाजी खायला घातली. हॉटेलात राहून, किंवा फुटपाथवर राहून हे झालं असतं का, तुम्हीच सांगा.

आता मूळ मुद्दा. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीये. जुनी उपकरप्राप्त इमारत, पागडीची खोली, त्यामुळे नियमाने किमान 300 चौरस फुटांचं घर मिळणार. कुणाला? ज्याच्या नावावर भाडेपावती त्याला. आणि पावती आहे माझ्या आजोबांच्या नावावर, कारण त्या काळी लिहिता-वाचता येणारे तेच होते. गावानं विश्वासानं त्यांचं नाव लावलं, बस.

बिल्डरचा माणूस घरी येऊन बाबांना म्हणाला, ''काका, पावती तुमची, फ्लॅट तुमचा. गावाचा प्रश्न येतोच कुठे?'' बाबा काही बोलले नाहीत. आम्ही कळव्याला वन रूम किचनमध्ये पाच जण राहतो. खोटं नाही सांगणार, त्या रात्री परळमध्ये 300 फुटांचे किती येतात ते मी पण फोनवर बघितलं होतं. आकडा बघून झोप आली नाही.

मे महिन्यात जत्रेला गेलो तेव्हा देवळात बैठक बसली. बाबांनी वही नेली होती. कुणी वाद घातला नाही, हेच जास्त अवघड गेलं. आजीच शेवटी बोलली, ''पावती एकाची असंल, पैकं समद्यांचं हाईत. वाचून दाव त्यांस्नी.'' बाबांनी वाचायला सुरुवात केली. 1963, 1964... जी माणसं गेली त्यांची नावं आली की त्यांच्या घरचं कुणीतरी मान हलवायचं. दिवा लावायची वेळ झाली तरी वाचन चालूच होतं.

वकिलांनी वाट दाखवलीये. गावच्या मंडळाची रीतसर नोंदणी करायची, आणि आजोबांच्या सगळ्या वारसांनी लिहून द्यायचं की हक्क मंडळाचा आहे. सगळे वारस म्हणजे बाबा, काका आणि दोन आत्या. तिघांच्या सह्या झाल्यात. मोठ्या आत्याची बाकी आहे. तिचं घर दिव्याला, भाड्याचं. मुलाचं लग्न ठरलंय. तिला राग आलाय असं नाही, ती फक्त फोन उचलत नाही. आणि मला तिचं चूक वाटत नाही, हीच अडचण आहे.

रविवारी मी तिच्याकडे जातोय. वही माझ्याकडेच आहे. काय होतं ते पुढच्या भागात सांगतो.