मोहिमेचा पहिला दिवस

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून काही पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एवढ्या लांबच्या पल्ल्यासाठी पहिल्या दिवसापासून ताकद राखून ठेवावी लागते.

तुमची मोहीम चिपळूणहून गोव्याकडे निघणार असेल, तर पहिला मुक्काम संगमेश्वरला ठेवा. अंतर साधारण ४५ किलोमीटर. वाटेत सावर्डे, आरवली, तुरळ ही गावं लागतात. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो, त्यामुळे वेग वाढतो आणि दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात. म्हणून बोलताना धाप लागणार नाही, इतकाच वेग ठेवा. चढ येण्याआधीच हलका गिअर टाका. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्या. कोकणच्या दमट हवेत घामावाटे मीठही जातं, तेव्हा मीठ घातलेलं कोकम सरबत चांगलं.

महामार्गावर एकामागोमाग एक चला आणि उतारावर अंतर वाढवा. अनुभवी स्वार सगळ्यात मागे ठेवा; त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. पंक्चरचं सामान त्याच्याकडेच द्या.

दुपारपर्यंत पोहोचलात, तर संगमेश्वरजवळच्या कसब्याचं प्राचीन कर्णेश्वर मंदिर निवांत पाहता येईल. संध्याकाळी ब्रेक, चेन आणि टायरमधली हवा तपासा आणि लवकर झोपा. प्रवासाला शुभेच्छा!