आजारी कामगाराचा भत्ता आणि मालकाची जबाबदारी

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्यात काम करणारा माणूस आजारी पडला म्हणजे त्याच्या घरावर दोन आपत्ती एकदमच येतात. औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि त्याच वेळी पगार थांबतो. शेतावर घरातील दुसरे माणूस त्याच्या जागी उभे राहू शकते. यंत्रावर तशी सोय नसते. अशा वेळी कामगार बहुधा सावकाराकडे किंवा गावाकडे वळतो. त्याच्या हक्काचा पैसा कायद्याने राखून ठेवलेला आहे, याची त्याला पुष्कळदा कल्पनाच नसते.

या हक्कामागे मोठा इतिहास आहे. कामगारांसाठी आजारपणाचा विमा असावा, हा विचार १९३१ च्या शाही कामगार आयोगाने मांडला. १९४३ साली प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले व १९४४ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा अधिनियम संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला आणि १९५४ साली ती नागपूर व मुंबई येथील कामगारांपर्यंत पोहोचली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात येऊन तिने त्या जुन्या अधिनियमाची जागा घेतली. योजनेचा गाभा मात्र कायम आहे.

भत्ता कोण देतो?

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. आजारपणाचा भत्ता मालक आपल्या खिशातून देत नाही. तो कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. मालकाचे काम कामगाराची नोंदणी करणे, वर्गणी वेळेवर भरणे आणि नोंदी बिनचूक ठेवणे हे होय. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर वेतनाच्या ४ टक्के ठरला. त्यातील ३.२५ टक्के मालकाने द्यावयाचे आणि ०.७५ टक्के कामगाराच्या पगारातून कापावयाचे. योजनेसाठी २१,००० रुपये ही मासिक वेतनाची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली.

भत्ता दैनिक सरासरी वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. नव्याने आलेल्या आजारपणातील पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत. ज्याचे सरासरी वेतन दररोज ५०० रुपये आहे, त्यास दिवसाला ३५० रुपये मिळतील. तो ३० दिवस आजारी राहिला, तर २८ दिवसांचे ९,८०० रुपये होतील. क्षयरोगासारख्या दीर्घ आजारात, सलग दोन वर्षांची नोकरी आदी अटी पूर्ण होत असल्यास, ९१ दिवसांनंतरही ८० टक्के दराने वाढीव मुदतीचा लाभ मिळतो. गरीब कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

अडचण कोठे उद्भवते?

एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून या काळातील लाभ अवलंबून असतो. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीतील वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधील लाभ. संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. त्यामुळे मालकाची कसूर झाली त्या दिवशी ती कोणास दिसत नाही. जूनमध्ये न भरलेल्या वर्गणीचा घाव फेब्रुवारीत बसतो. तोपर्यंत कदाचित कंत्राटदार बदललेला असतो, हजेरीपत्रक सापडत नाही आणि कामगार अंथरुणाला खिळलेला असतो.

याहून गंभीर प्रकार असा की, पगारातून विम्याचे पैसे कापले जातात, पण महामंडळाकडे पोहोचत नाहीत. कापलेली वर्गणी ही मालकाकडे विश्वासाने सोपविलेली ठेव असते, असे कायदा मानतो. ती न भरणे हा कारावासास पात्र असा गुन्हा आहे. कामगार कंत्राटदाराकडून आलेला असला, तरीही मुख्य मालकाची सुटका होत नाही. वर्गणी त्याने आधी भरावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, असा दंडक आहे.

मग मालकाने वर्गणी बुडविली म्हणून कामगाराचा हक्कही बुडतो काय? कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. मालकाच्या कसुरीमुळे कामगार लाभास अपात्र ठरत असेल किंवा त्यास कमी लाभ मिळत असेल, तर महामंडळ त्यास योग्य तो लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. ही तरतूद कामगारास ठाऊक नसते. म्हणून मालकाने "तुझे नाव विम्यात नाही" असे सांगताच तो निमूटपणे परत फिरतो.

मालकाशी व्यवहार कसा करावा?

मालकाशी तोंडी वाद घालून फारसे निष्पन्न होत नाही. प्रथम कागद जमवावेत. पगारपत्रक, विमा क्रमांक, ओळखपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेचे पासबुक आणि डॉक्टरांचा दाखला हे सर्वांत मोलाचे. मालकाने किती दिवसांची वर्गणी भरली, हे विमा क्रमांकाच्या आधारे महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आजारी पडण्याची वाट न पाहता दर तीन महिन्यांनी ते पाहिले, तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत.

कसूर आढळल्यास मालकास लेखी अर्ज द्यावा, त्यात महिने व रकमा स्पष्ट लिहाव्यात आणि प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारल्यास अर्ज टपालाने नोंदणीकृत पाठवावा. पुष्कळ ठिकाणी चूक हिशेबनीसाची असते व अशा अर्जानेच ती दुरुस्त होते. तसे न झाल्यास महामंडळाच्या शाखा कार्यालयाकडे कागदपत्रांसह तक्रार करावी. महामंडळाच्या अधिकाऱ्यास कारखान्यातील हजेरी व वेतनाच्या नोंदवह्या तपासण्याचा अधिकार आहे. तेथेही वाद मिटला नाही, तर कर्मचारी विमा न्यायालयाचे दार उघडे आहे. लाभाची मागणी मात्र तो देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत करणे हिताचे. विलंबाने हक्क दुबळा होतो.

तक्रार केली तर नोकरी जाईल, ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगारास काढून टाकण्यास वा शिक्षा करण्यास १९४८ च्या अधिनियमाने मनाई केली, ती हीच भीती ओळखून. आजारपणाच्या काळात कामावरून काढल्याची नोटीस आली, तर ती फाडून न टाकता जपून ठेवावी आणि तक्रारीस जोडावी.

गावाची जबाबदारी

चाकण, बुटीबोरी किंवा वाळूज येथील कामगार आजारी पडला की पुष्कळदा आपल्या गावी येतो. विमा दवाखाना मागे राहतो आणि त्याच्याबरोबर दाखलाही. अशा वेळी गावातील जाणत्या माणसांचे कर्तव्य सुरू होते. भत्त्यासाठी सामान्यतः विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. परंतु परिस्थिती पटल्यास महामंडळ दुसरा पुरावाही मान्य करू शकते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्याच दिवशी नाव नोंदवून तारखेसह कागद घेण्यास रुग्णास सांगावे. शिक्षकाने पगारपत्रकातील कपातीचा रकाना त्याला वाचून दाखवावा, अर्ज नीट लिहून द्यावा. पंचायत सदस्याने शाखा कार्यालयाचा पत्ता शोधून देऊन एखाद्या जाणत्या माणसास त्याच्यासोबत पाठवावे. या कामांना अनुदान लागत नाही की ठराव लागत नाही.

मालक व कामगार यांचे हितसंबंध नेहमीच परस्परविरोधी असतात, असे नाही. वर्गणी वेळेवर भरणाऱ्या मालकाला आजारी कामगाराच्या औषधोपचाराची व उपजीविकेची चिंता स्वतः वाहावी लागत नाही. ती महामंडळ वाहते. बरा झालेला कामगार पुन्हा यंत्रावर येतो, कर्जाने वाकून गेलेला येत नाही. परंतु हे सारे घडण्यासाठी पगारपत्रकावरील ती लहानशी कपात खरोखर महामंडळात पोहोचली आहे काय, हे कोणीतरी वेळेवर विचारले पाहिजे. तो प्रश्न विचारण्याची सवय कामगाराला लावणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातचे काम आहे.