शिडीवर चढताना मागे राहते ते घर



गुन्हेगारीचा निषेध सारेच करतात. तरीही चाळीच्या कट्ट्यावर वा उत्सवाच्या मंडपात एखाद्या ‘भाई’चे नाव निघाले की आवाज हलका होतो आणि त्यात भीतीबरोबर थोडे कौतुकही मिसळते. त्या कौतुकाचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

मनोहर अर्जुन सुर्वे ऊर्फ मन्या हा मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयाचा पदवीधर. ज्या घरात मुलगा पदवीधर होतो, त्या घराची स्वप्ने निराळी असतात. प्रत्यक्षात खुनाच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली. १९७९च्या नोव्हेंबरात त्याने रत्नागिरीत कैदेतून पलायन केले आणि ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात तो पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. ज्या ‘कारकिर्दी’च्या दंतकथा झाल्या, ती जेमतेम दोन वर्षांची होती.

त्यानंतर आठवड्याभराने, १८ जानेवारीस, गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली विझू लागल्या. टोळ्यांना गिरणगावात बेकार तरुण मिळाले, हे खरे. परंतु त्याच गिरणगावातील असंख्य आयांनी खानावळी चालवल्या, बापांनी हातगाडीवर भाजी विकली आणि मुलांना शाळेत धाडले. दारिद्र्य हे गुन्ह्याचे कारण असेल, समर्थन नव्हे.

याच गिरणगावातून अरुण गवळी वर आला. १९९० मध्ये त्याच्या भावाची हत्या झाली. त्याचा सूड म्हणून जुलै १९९२ मध्ये दाऊदच्या बहिणीच्या पतीला नागपाड्यात ठार मारण्यात आले. पुन्हा त्याचा सूड म्हणून १२ सप्टेंबर १९९२ रोजी जे. जे. रुग्णालयात गोळीबार झाला आणि त्यात कर्तव्य बजावणारे दोन पोलीस हुतात्मे झाले. टोळीयुद्धाचे चलन असे रक्ताच्या नात्यांचे असते. टोळीप्रमुख सुरक्षित कोटात बसतो आणि हिशेब चुकवतात ते भाऊ व मेहुणे. दाऊदही याला अपवाद नव्हता. मुंबई पोलीस दलातील हवालदाराचा हा मुलगा. १९८१ मध्ये त्याचा भाऊ प्रभादेवीत मारला गेला.

पुढे गवळीने पक्ष काढला आणि २००४ मध्ये तो आमदारही झाला. यशाची सीमा म्हणावी असा तो क्षण! परंतु २००७ मध्ये नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांची त्यांच्या घरात हत्या झाली आणि त्या प्रकरणी २०१२ मध्ये गवळीस जन्मठेप झाली. मुलाच्या विवाहाला उपस्थित राहण्यासाठीसुद्धा पॅरोल मागावा लागला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा वयाची सत्तरी उलटून गेली होती.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘त्यांचा दाऊद, तर आपला अमुक’ ही भाषा १९९०च्या दशकात मुंबईत उघड बोलली जात असे. १२ मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांत २५७ निरपराधांचे प्राण गेले. त्या जखमेतून हा भ्रम पोसला गेला. स्फोटांनंतर दाऊदपासून फुटलेल्या छोटा राजनला ‘देशभक्त डॉन’ ठरवणारेही निघाले. तो देशभक्त कुणाच्या जिवावर उठला? २०११ मध्ये पवईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांची हत्या झाली; २०१८ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल राजनला जन्मठेप सुनावली. आणि जामसंडेकर कोण होते? मराठी माणूसच. गुंडाला धर्म नसतो. असते ती केवळ खंडणी.

स्वतः राजनच्या पदरात काय पडले? २००० साली बँकॉकमध्ये हल्ल्यातून तो कसाबसा वाचला, त्याचा साथीदार मात्र गेला. २०१५ मध्ये बालीत अटक झाली आणि मायभूमीचे दर्शन घडले ते बेड्यांसह. दाऊदच्या खेड तालुक्यातील मुंबके गावच्या वडिलोपार्जित जमिनींचा सरकारने लिलाव केला. सत्ता, संपत्ती आणि दहशत एवढे सारे मिळवूनही, आपल्या गावच्या अंगणात निर्भयपणे उभे राहण्याचे सुख त्याला लाभले नाही. ते सुख गावातील सामान्य शेतकऱ्याला रोज विनामूल्य मिळते.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम भाषणापाशी संपत नाही. टोळी पोराला प्रथम पिस्तूल देत नाही. ती त्याला नावाने हाक मारते, चहा पाजते, अडचणीला पैसे देते. वस्तीतील शाळा सुटलेल्या मुलाला ती हाक आधी कुणी मारायची, हा खरा प्रश्न आहे. व्यायामशाळा, अभ्यासिका, सायंकाळचे मैदान आणि आस्थेने घरी डोकावणारा एक वडीलधारा माणूस एवढी त्याची तयारी. त्या मुलाच्या आईला दार वाजल्यावर दचकावे लागू नये, एवढे जरी साधले तरी ते मोठे राष्ट्रकार्य होय.