इंजिनाच्या स्टडचे आटे : दुरुस्ती कुठवर, बदल केव्हा?

(शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पीकशास्त्र शिकविणारा माणूस आज डिझेल इंजिनाच्या स्टडवर बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. पण बागायती गव्हाचे उदाहरण घ्या. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि ती तूट पुढच्या पाण्याने भरून निघत नाही. नेमके त्याच आठवड्यात इंजिन हेडखालून फुसफुसू लागले, तर नुकसान इंजिनाचे कमी आणि पिकाचेच जास्त होते. म्हणून हंगाम संपल्यावर इंजिन खोलाल तेव्हाच स्टडकडे नीट लक्ष द्यावे.

आटे का जातात?

हेडचे स्टड सिलिंडरमधील स्फोटाचा दाब सतत पेलतात. नट ढिला राहिला तर पॅकिंग जळते. फाजील पिळला तर स्टड ताणला जातो. याशिवाय गंज, वॉशर न घालणे, नट वाकडा चढविणे आणि स्टडच्या टोकावर सरळ हातोडा मारणे ही नेहमीची कारणे आहेत. यातले शेवटचे तर सर्रास आढळते.

आधी तपासणी

स्टड काढण्यासाठी त्याच्या आट्यांवर पाईप पाना लावू नये. दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळावेत व खालच्या नटाला पाना लावून स्टड उलटा फिरवावा. बसविताना वरच्या नटाला पाना लावावा. गंजलेल्या स्टडच्या मुळाशी आदल्या रात्री रॉकेल व तेल सोडून ठेवावे.

काढलेला स्टड रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा. मग पुढील तीन गोष्टी पाहाव्यात.

१) त्याच मापाचा नवा नट हाताच्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. स्वच्छ दिसणाऱ्या आट्यांत मध्येच नट अडला, तर स्टड ताणला गेला आहे असे समजावे. नट डगमगत असेल तर आटे झिजले आहेत.

२) चांगल्या स्टडचे आटे या स्टडच्या आट्यांत बसवून उजेडासमोर धरावेत. फट दिसली किंवा स्टड मध्ये बारीक झालेला आढळला, तर तो बाद करावा.

३) स्टड रॉकेलमध्ये बुडवून कोरडा पुसावा व खडूची पूड लावावी. थोड्या वेळाने पुडीवर ओलसर रेघ उमटली, तर तेथे चीर आहे.

दुरुस्ती कोणत्या स्टडची?

ताणलेला, चिरलेला, वाकलेला किंवा गंजाने खोल खड्डे पडलेला स्टड दुरुस्त करू नये. फक्त टोकाकडील एक-दोन आटे चेपले असतील किंवा आट्यांत घाण व हलका गंज असेल, तरच दुरुस्ती करावी.

चेपलेला आटा तीनधारी बारीक कानशीने, आट्याच्या उताराला धरून हलकेच साफ करावा. नंतर त्याच मापाची डाय तेल लावून सरळ चढवावी. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे केल्याने कीस तुटतो व डाय अडकत नाही. डायने आटे साफ करावेत, नव्याने कापू नयेत. चमकदार कीस भरपूर निघू लागला, तर माप चुकले आहे असे समजून थांबावे.

मापाच्या घोटाळ्याने बरेच स्टड वाया जातात. अर्धा इंची व्हिटवर्थ स्टडला इंचात १२ आटे असतात व आट्याचा कोन ५५ अंश असतो. १२ मिलिमीटर मेट्रिक स्टडच्या नेहमीच्या आट्यांत १.७५ मिलिमीटर अंतर व कोन ६० अंश असतो. दोन्ही दिसायला जवळचे, पण एकाचा नट दुसऱ्यावर जोराने चढविल्यास दोन्ही निकामी होतात.

भोकाचे आटे व जोडणी

बिडाच्या ब्लॉकमधील भोकाचे आटे योग्य टॅपने साफ करून हवेने फुंकून काढावेत. बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी राहिले, तर ते दाबले जात नाही आणि स्टड पिळताना ब्लॉकला तडा जातो. भोकाचेच आटे गेले असतील तर कापूस, तार किंवा पत्रा भरून काम भागवू नये. चांगल्या वर्कशॉपमधून तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवून घ्यावेत.

नट नेहमी नवे घ्यावेत. त्यांची किंमत किरकोळ असते. जोडताना नट कोपऱ्याकोपऱ्याने आलटून-पालटून, निदान तीन टप्प्यांत आवळावेत. किती आवळायचे व आट्यांना तेल लावायचे की नाही, हे इंजिनाच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे ठरवावे. कारण तेल लावलेला नट तेवढ्याच जोरात स्टडला जास्त ताणतो. इंजिन चालविल्यानंतर पुन्हा आवळण्याची सूचना पुस्तिकेत असल्यास ती टाळू नये.

दोन गोष्टी कधीही करू नयेत

तुटलेला स्टड वेल्डिंगने जोडू नये आणि बाजारातील साध्या लोखंडी सळईला आटे पाडून हेडचा स्टड करू नये. या स्टडचे पोलाद वेगळे असते. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टचे आटे खराब झाले तर दुरुस्तीचा विचारही नको, बोल्ट बदलावाच. तो चालू इंजिनात तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि जवळ उभ्या माणसाच्या जिवावर बेतते.

तेव्हा खोललेल्या इंजिनाचे स्टड एका फळीवर भोकांच्या क्रमाने लावून ठेवा, प्रत्येकाची तपासणी करा आणि शंका येईल तो बाजूला काढा. एका स्टडची बचत म्हणजे पाण्याच्या एका पाळीची जोखीम, एवढे ध्यानात ठेवावे.