‘राऊझ’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थविचार
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं व्याकरणाचा विषय कशास, असें कोणी विचारील. परंतु आपलीं पुष्कळ मुलें आज इंग्रजींतून शिकतात; आणि परक्या भाषेंतील शब्द उसना घेतला, तरी त्याचा स्वभाव ओळखल्यावांचून तो वापरूं नये. म्हणून ‘राऊझ’ ह्या एकाच क्रियापदाचा विचार आम्हीं येथें योजिला आहे.

हा शब्द शिकारीच्या रानांतून आलेला आहे. पंधराव्या शतकांत इंग्लंडांतील ससाणे पाळणारे लोक, ससाणा पिसें फुलवून अंग झाडतो, त्या क्रियेस हा शब्द लावीत. जाळींत दडलेलें सावज हुसकून बाहेर काढणें, हाही त्याचा जुना अर्थ. माणसास झोपेंतून अथवा आळसांतून उठविणें हा अर्थ पुढें सोळाव्या शतकांत रूढ झाला. मराठींतही असेंच घडलें आहे. हाकारे घालून शिकारी ‘रान उठवीत’. आज सावज नसलें, तरी एखाद्या प्रश्नावर लोक ‘रान उठवितात’.

यावरून ह्या शब्दांतील जोर ध्यानांत येईल. आई रोज सकाळीं मुलास हांक मारिते, त्यास ‘वेक’ हा साधा शब्द पुरे. हांकेनें जो उठत नाहीं, त्यास हलवून उठवावें लागतें, तें ‘राऊझ’. १६११ च्या इंग्रजी बायबलांत, उत्पत्तीच्या ४९ व्या अध्यायांत, याकोब आपला पुत्र यहूदा ह्यास निजलेल्या सिंहाची उपमा देतो. त्या सिंहास उठविण्याचें धाडस कोण करील, ह्या अर्थीं तेथें हेंच क्रियापद आलें आहे.

त्याचा धाकटा भाऊ ‘अराऊझ’. ‘राइझ’वरून ‘अराइझ’, ‘वेक’वरून ‘अवेक’, त्याच चालीवर हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस घडला. त्याच सुमारास, १५७९ त गोव्यास आलेले इंग्रज धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स आपली भाषा आत्मसात करीत होते. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ त प्रसिद्ध झालें.

ह्या दोन भावांत भेद काय? जुन्या ग्रंथांत ‘अराऊझ’ झोपेंतून उठविण्यासही आढळतो. परंतु आजच्या वापरांत ‘राऊझ’चें कर्म बहुधा माणूस असतो, आणि ‘अराऊझ’चें कर्म मनोविकार : संशय, कुतूहल, राग, सहानुभूति. कामवासनेसही तोच शब्द लावितात. म्हणून आईनें मला पहाटे उठविलें, हें सांगतांना विद्यार्थ्यानें ‘अराऊझ’ लिहूं नये; वाचणारे हसतील. मराठींत आपण ही चूक करीत नाहीं. मुलास आपण ‘उठवितों’, विस्तव ‘चेतवितों’, आणि वासना ‘चाळविली’ जाते, असें म्हणतों.

परंतु हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. मनोविकार चेतविणें सोपें आहे; माणूस जागा करणें कठीण. वक्ता पाव घटकेंत जमावाचा क्रोध पेटवितो. जमाव घरीं जाऊन निजतो, आणि शेजाऱ्याचें घर मात्र जळालेलें असतें. जागा झालेला माणूस डोळे उघडून पाहतो, व पुढचें पाऊल स्वतः टाकितो. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायांत देवदूत तुरुंगांतील पेत्राच्या कुशीस स्पर्श करून त्यास उठवितो, कंबर कसावयास व वहाणा घालावयास सांगतो, वेशीबाहेर आणितो, आणि एक रस्ता ओलांडतांच त्यास सोडून जातो. तेथून पेत्र भानावर येऊन स्वतःच्या पायांनीं चालतो. जागें करण्याची खरी कसोटी हीच.

त्या ठिकाणीं लॅटिन बायबलांत ‘एक्सितारे’ हें क्रियापद आहे. आगमनकाळापूर्वींच्या रविवारीं म्हटली जाणारी एक प्राचीन प्रार्थना त्याच शब्दानें आरंभ होई. १९७० च्या मिस्साग्रंथांत ती साधारण काळाच्या ३४ व्या आठवड्यांत आहे. अँग्लिकन लोकांच्या १५४९ च्या प्रार्थनाग्रंथांत तिचें भाषांतर ‘स्टर अप’ ह्या शब्दांनीं सुरू होतें. म्हणून तो रविवार इंग्लंडांत ‘स्टर-अप संडे’ झाला, आणि गृहिणी त्या दिवशीं नाताळचें पुडिंग ढवळूं लागल्या. गंमत असो, परंतु त्या प्रार्थनेंत देवाकडे मागणें आहे तें भक्तांच्या भावना हलविण्याचें नव्हे, तर त्यांची इच्छाशक्ति जागृत करण्याचें.

आपल्या महोत्सवाची रोषणाई आणि वाद्यें उत्साह चेतवितील. तें ‘अराऊझ’ झालें. उत्सव संपल्यावर, सोमवारीं सकाळीं, रुसलेल्या भावाच्या अथवा आजारी शेजाऱ्याच्या दारीं जो आपण होऊन जाईल, तोच ‘राऊझ’ झाला असें समजावें. झोपलेल्यास जागें करितां येतें, झोपेचें सोंग घेतलेल्यास नाहीं, असें आपले वडील म्हणत आले आहेत. आपण सोंग घेतलेलें नाहीं, हें दाखविणें आतां आपल्याच हातीं आहे.