फूल की दोन पानं?

कोथरूडच्या मतदाराला आमदार निवडता येतो. घटनादुरुस्तीवर थेट मत देता येत नाही. ते काम कलम ३६८ ने संसदेकडे दिलंय. राज्याची हद्दही संसदच ठरवते.

गोव्याला मात्र १६ जानेवारी १९६७ रोजी थेट विचारलं गेलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं! मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी आधीच राजीनामा दिला होता. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०.

गंमत पाहा, मार्चमध्ये गोवेकरांनी सत्ता पुन्हा भाऊसाहेबांकडेच सोपवली. माणूस हवा होता, विलीनीकरण नको होतं. नुसत्या निवडणुकीतून हे कळलं असतं का? बेळगावकरांना तर असा प्रश्न कुणी विचारलाच नाही.