वाळवंटांतील वसंत

वाळवंट म्हटलें कीं तापलेली वाळू, कांटेरी झुडपें आणि निर्जन शांतता एवढेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या दक्षिण भागांत अँझा-बोरेगो नांवाचें जें विस्तीर्ण राखीव वाळवंट आहे, तेथें चांगल्या पावसाच्या वर्षीं फाल्गुनांत पाऊल टाकणाराला ही समजूत सोडून द्यावी लागते. १७७४ सालीं या मुलखांतून वाट काढणारा स्पॅनिश सेनानी अँझा आणि येथल्या कड्यांवरील रानमेंढरें, ज्यांना ‘बोरेगो’ म्हणतात, या दोहोंवरून हें नांव पडलें.

येथील फुलांचीं बीजें वर्षानुवर्षें वाळूंत निजून असतात. पुष्कळ बियांच्या सालींत अंकुराला आवरून धरणारीं द्रव्यें असतात. एखाद्या चुकार सरीनें तीं धुवून जात नाहींत. हिवाळ्याच्या तोंडीं पाऊस पुरेसा मुरला, तरच बीज जागें होतें. म्हणूनच २००५, २०१७ आणि २०१९ सालीं रानभर बहर आला, आणि मधलीं कित्येक वर्षें तशीच रुक्ष गेलीं.

पहाटे निघालेल्या वाटसरूला सपाटीवर सँड व्हर्बिनाचा जांभळट गालिचा दिसतो. त्यांत मोठ्या पांढऱ्या फुलांचे ताटवे असतात. हा ईव्हनिंग प्रिमरोज. तो सायंकाळीं उमलतो, रात्रीं पतंगांना बोलावतो आणि ऊन चढतांच कोमेजतो. त्याच्या पानांवर जाड सुरवंट ताव मारीत असतात. त्या सुरवंटांसाठीं अर्जेंटिनाहून उत्तरेकडे परतणारे श्येनपक्षी येथें उतरतात. एका फुलाच्या आधारानें केवढी ही पंगत!

पुढें बोरेगो पाम कॅनियन ही घळ लागते. वाट जाऊन-येऊन सुमारें तीन मैलांची. वाळक्या काठ्यांच्या मोळीसारख्या ओकोटियोच्या टोकांना लाल तुरे फुटलेले असतात, आणि त्यांतील मध चाखीत गुंजनपक्षी भिरभिरतात. शेवटीं ताडांची राई आणि झुळझुळतें पाणी. पाण्यावर कधीं कधीं वळणदार शिंगांचा मेंढा उतरतो. या मेंढ्यांची संख्या इतकी घटली कीं १९९८ सालीं त्यांना कायद्यानें संरक्षण द्यावें लागलें.

फुलांवरील संकट मात्र निराळें आहे. महाराष्ट्रीय स्वयंपाकघरांतील मोहरीच्या कुळांतलीच ‘सहारा मस्टर्ड’ ही परदेशी वनस्पति येथें शिरली आहे. ती इतरांच्या आधीं उगवते, ओलावा शोषून घेते आणि हजारों बिया टाकून जाते. तिच्या सावलींत देशी रोपें खुरटतात. स्वयंसेवक ती बीं धरण्यापूर्वींच मुळासकट उपटून काढतात. हें कष्टाचें काम दरवर्षीं नव्यानें करावें लागतें.

पाहणाऱ्याकडून वाळवंटाची अपेक्षा थोडीच आहे. त्यानें पायवाट सोडूं नये आणि फूल खुडूं नये. पायाखालीं चुरडलेलें रोप बीं धरीत नाहीं. आणि पुढचा चांगला पाऊस केव्हां पडेल हें कोणालाच ठाऊक नसल्यामुळें, तोंपर्यंतचा सारा वसंत त्या बियांतच सांठवलेला असतो.